नानांचा ट्रॅक्टर तापत होता: इंजिन न उघडता सापडलेलं दुखणं

ही केस निफाड तालुक्यातली, कादवा नदीच्या अंगाला असलेल्या एका द्राक्षबागेतली. सहा एकर थॉमसन, नऊ बाय पाच फुटांवर लावलेली, वाय अँगलचा मांडव. ट्रॅक्टर 24 एचपीचा, टू व्हील ड्राइव्ह, बागेत चालतो तो छोटा, सहा वर्षांचा, मीटरवर 3,400 तास. मागे फवारणीचा, 600 लिटर टाकीचा ओढायचा ब्लोअर. मालकांना आम्ही सगळे नानाच म्हणतो, वय साठीच्या पुढे, बाग त्यांच्या हातची आणि ट्रॅक्टर मुलाच्या हातात. मी ओझरकडे ट्रॅक्टर-ब्लोअरची कामं करतो, चौदा वर्षं झाली. ही केस सविस्तर लिहितोय कारण यात इंजिनावर पन्नास हजार जाता जाता राहिले आणि नवा ट्रॅक्टर घ्यायचा की नाही हा प्रश्नही याच भानगडीतून निघाला.

वेळ ऑक्टोबर 2025 ची. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होऊन बावीस-तेवीस दिवस झालेले, घड बाहेर पडायला लागलेले आणि पाऊस काही मागे हटेना. ज्यांची बाग आहे त्यांना सांगायला नको, या दिवसात पान ओलं राहिलं की डाऊनी हा बुरशीचा रोग घडावरच बसतो आणि एक स्प्रे चुकला तर वर्ष गेलं. नेमका त्याच आठवड्यात ट्रॅक्टर तापायला लागला. पहिली टाकी निम्मी होईपर्यंत ठीक, मग काटा वर सरकायला लागायचा, पस्तीस-चाळीस मिनिटांत लाल पट्ट्यात. मग ओळीतच बंद करून वीस मिनिटं थांबायचं, परत चालू, परत तेच. दोन तासाच्या फवारणीला पाच तास लागायला लागले, आणि तिकडे वेस्टला ढग भरून आलेले दिसतायत, म्हणजे माणसाच्या जिवाची काय घालमेल होत असेल बघा.

त्यात एक वाईट प्रकार झाला. मुलानं घाईत गरम रेडिएटरचं झाकण ओलं पोतं टाकून उघडलं. वाफ पोत्याच्या कडेनं बाहेर आली आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. मी गेलो तेव्हा हाताला पट्टी होती. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडायचंच नाही, पोतं टाकून नाही, फडकं टाकून नाही, हळूहळू पण नाही. आत पाणी दाबाखाली असतं, झाकण सुटलं की दाब जातो आणि तेच पाणी एका क्षणात वाफ होतं. वरचा पाईप हातानं धरून ठेवता येईल इतका थंड झाला की मगच झाकणाला हात.

माझ्या आधी दोघं येऊन गेले होते. एकाने सांगितलं हेड गॅस्केट गेलं. दुसऱ्यानं सांगितलं 3,400 तास झालेत, बोअर-पिस्टन खाल्लेत, हाफ इंजिन करा, म्हणजे इंजिन उघडून ते बदला, 48,000 चा अंदाज दिला. आणि एका शोरूमचा माणूस घरी येऊन चहा पिऊन सांगून गेला की 24 एचपीला 600 चा ब्लोअर झेपतच नाही, ट्रॅक्टरच लहान आहे, 22 सप्टेंबरपासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय, हीच वेळ आहे, फोर व्हील घेऊन टाका. जीएसटीचं तो खरंच बोलत होता. बाकीच्याबद्दल पुढे येतो.

नाना मला म्हणाले, "दादा, इंजिन उघडायचं तर उघडू, पण मला एवढं सांगा, मागच्या वर्षी हाच ट्रॅक्टर हाच ब्लोअर घेऊन हीच बाग मारत होता, मग एका वर्षात तो लहान कसा झाला?"

खरं तर या प्रश्नातच अर्धी केस सुटते. काय बदललं ते शोधायचं.

मी पहिल्यांदा थंड इंजिनावर बघितलं, सकाळी, रात्रभर उभा असलेला. झाकण काढून काठोकाठ पाणी भरलं आणि चालू केला. गॅस्केट फुटलं असेल तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतो, रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे येत राहतात, आणि झाकण लावून थंडच चालू केलं तरी वरचा पाईप दोन मिनिटांत दगडासारखा कडक होतो. इथे बुडबुडा एक नाही, पाईप मऊ. ऑईलची पट्टी काढली, ऑईल काळं होतं पण दुधाळ नाही, पाणी मिसळलं की ते चहासारखं दिसतं. ऑईल भरायचं झाकण चालू इंजिनावर उघडून उलटं ठेवलं तर जागेवर बसून राहिलं, थोडं थरथरलं, उडालं नाही, धूरही नव्हता. म्हणजे इंजिन हवा मारत नाही, पिस्टनच्या कडेनं गॅस खाली येत नाही. थंडीत सेल्फ एका झटक्यात घेतो हे मुलानंही सांगितलं. इतकं बघून मी नानांना म्हटलं इंजिनाला आज हात लावायचा नाही.

मग काम करताना बघितलं, कारण उभ्या ट्रॅक्टरवर दुखणं दिसत नव्हतं. टाकीत साधं पाणी भरलं, औषध नाही, आणि मुलाला सांगितलं रोज जसं मारतोस तसंच मार, मी काही बोलणार नाही. अर्ध्या तासानं थांबवून टेम्परेचर गननं वरचा आणि खालचा पाईप मोजला. ही गन चकचकीत धातूवर चुकीचं दाखवते म्हणून मी दोन्ही पाइपांच्या टोकांना आधीच काळी चिकटपट्टी गुंडाळून ठेवतो आणि तिच्यावर मोजतो. वर 103 अंश, खाली 97. फरक सहाचा.

हे दोन आकडे फार बोलतात. पाणी फिरतच नसेल, म्हणजे वॉटर पंप मेला असेल किंवा आतून चोंदलं असेल, तर थोडंच पाणी रेडिएटरमधून सावकाश जातं, ते खाली येईपर्यंत बरंच थंड होतं आणि वर-खाली फरक मोठा दिसतो, पंधरा-वीस-पंचवीस. इथे दोन्ही गरम आणि फरक कमी. पाणी फिरतंय पण त्याची उष्णता बाहेर जात नाहीये. एक तर रेडिएटरमधून हवा जात नाही, नाहीतर इंजिन गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार करतंय. किंवा दोन्ही.

दोन्हीच निघालं.

आधी दुसरं सांगतो कारण ते लोक बघतच नाहीत. पीटीओ शाफ्टवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या ज्या दांड्यावर ब्लोअर फिरतो त्याच्यावर, चमकपट्टीचा तुकडा लावून टॅकोनं फेरे मोजले. ब्लोअर मिनिटाला 540 फेऱ्यांसाठी बनलेला असतो. इथे 600 चालू होते. मुलाला विचारलं रेस कशावरून धरतोस, तर म्हणाला आवाजावरून आणि प्रेशरच्या काट्यावरून, आरपीएमचा काटा दीड वर्षापासून बंद आहे, आणि 540 च्या रेसला प्रेशर येतच नाही भाऊ, म्हणून थोडी वाढवतो.

थोडी म्हणजे 60 फेरे, वरवर बघितलं तर अकरा टक्के. पण पंख्याचं गणित वेगळं आहे. पंखा जितका जोरात फिरवाल त्याच्या घनात ताकद खातो. वेग 1.11 पट झाला तर ताकद 1.11 गुणिले 1.11 गुणिले 1.11, म्हणजे 1.37 पट. या ब्लोअरच्या पुस्तिकेत पंख्याला हाय गिअरमध्ये 540 वर 12 एचपी लागतात असं दिलंय. 600 वर ते साडेसोळा झाले. पंपाला वेगळे तीन-चार. ओल्या काळ्या मातीत भरलेली टाकी ओढायला आणखी दोन-तीन. 24 एचपीच्या ट्रॅक्टरचं पीटीओवर येतं वीस-एकवीस. म्हणजे 540 वर हाच ट्रॅक्टर पुरून उरत होता आणि 600 वर त्याच्या सगळ्या ताकदीच्या वर मागणी जात होती, तोही धूर काढत शेवटच्या श्वासापर्यंत ओढत होता. ट्रॅक्टर लहान झाला नव्हता, त्याच्या मागचं ओझं वाढलं होतं.

त्यात हाय-लोचा मुद्दा. ब्लोअरच्या पंख्याला दोन गिअर असतात, इथे हायला पीटीओच्या साडेचार पट आणि लोला साडेतीन पट. त्याच घनाच्या हिशोबानं लोमध्ये ताकद निम्म्याहूनही कमी लागते. बावीस दिवसांच्या कोवळ्या फुटीला हायची हवा लागतच नाही, उलट नुकसान, पानं एकमेकांवर चिकटतात, थेंब आरपार पलीकडच्या ओळीत जातात आणि डाऊनीला जिथे औषध पाहिजे तिथे, पानाच्या खालच्या बाजूला, नीट बसत नाही. मांडव भरला, पानावर पान आलं, की हाय. नानांच्या मुलानं ब्लोअर घेतल्यापासून तो खटका कधी हलवलाच नव्हता, घट्ट बसला होता, ग्रीस घालून हलवावा लागला.

आता 540 ला प्रेशर का येत नाही? इथे मी दहा पाण्याच्या बाटल्या मागवल्या, एक लिटरवाल्या सोडून दोन लिटरवाल्या, गळे कापले, प्रत्येक नोझलखाली एक-एक धरायला माणसं उभी केली, नाना पण उभे राहिले. प्रेशर 10 बारवर ठेवलं, पंखा बंद, घड्याळ लावून बरोबर एक मिनिट. मग बाटल्या ओट्यावर ओळीनं मांडल्या. हे ज्यानं एकदा डोळ्यानं बघितलं त्याला परत सांगावं लागत नाही. नोझलमध्ये भोकाची चकती असते, ती नवीन असताना 1.2 लिटर यायला पाहिजे. आलं काय, तर 1.4, 1.5, 1.7, एक बाटली 1.8 ला गेलेली, आणि डाव्या बाजूची वरून दुसरी 1.1 कारण तिच्यात कचरा. सरासरी दीड लिटर. नियम असा की नव्यापेक्षा दहा टक्के जास्त यायला लागलं की चकती फेकायची, इथे सरासरीच पंचवीस टक्के जास्त. चकती काढून उजेडाला धरली तर भोक गोल राहिलंच नव्हतं, एका बाजूला ओघळ पडलेला, भुकटीच्या औषधांनी आणि गंधकानं घासून घासून. एवढ्या मोठ्या भोकांतून पाणी निघून जातं म्हणून प्रेशर पडतं, प्रेशर पडलं म्हणून मुलगा रेस वाढवतो, रेस वाढली म्हणून पंखा ताकद खातो, ताकद खाल्ली म्हणून इंजिन तापतं. दीडशे रुपयांच्या चकतीपासून सुरू झालेली साखळी लाल काट्यापर्यंत पोचते, आणि आपण मधलं सगळं सोडून बोअर-पिस्टन उघडायला बसतो.

आणि औषधाचा हिशोब बघा. मी तीस मीटर टेप लावून वेळ मोजला, 27 सेकंद लागले, म्हणजे ताशी 4 किलोमीटर. मिनिटाचे लिटर गुणिले 600, भागिले वेग आणि ओळीतलं अंतर मीटरमध्ये, यावरून हेक्टरी किती पाणी पडतं ते निघतं. नऊ फूट म्हणजे 2.74 मीटर. दहा नोझलचे 12 लिटर धरले तर हेक्टरी साधारण 657 लिटर, एकरी 265 च्या आसपास. 15 लिटर पडत होते, म्हणजे हेक्टरी 821, एकरी 330. सहा एकराला तीन टाक्या पुरायच्या तिथे चौथी भरावी लागत होती. हे ऐकल्यावर नाना लगेच म्हणाले, "हां, चौथी टाकी मागच्या हंगामापासूनच लागतेय, मी म्हटलं पोरगं हळू चालवतंय." मुलगा बिचारा वर्षभर ते ऐकून घेत होता. प्रत्येक स्प्रेला पाव भाग औषध जास्त, वर मोठे थेंब पानावरून ओघळून खाली. या दिवसात बागेत किती स्प्रे होतात आणि एका टाकीत किती रुपयांचं औषध असतं ते तुम्हीच धरा.

तर त्याच दिवशी रेस कमी करून 540 वर आणली, थ्रॉटलच्या पट्टीवर त्या जागी पांढऱ्या रंगानं रेघ मारली, पंखा लोवर टाकला आणि परत अर्धा तास चालवला. वरचा पाईप 97. रेडिएटरला अजून हात लावला नव्हता. मी एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि मोजतो, नाहीतर कशानं किती फरक पडला ते कधीच कळत नाही आणि पुढच्या वेळी आपण परत अंदाजानंच सुरू करतो.

आता रेडिएटर. पुढची जाळी काढली तर वरून स्वच्छ. मुलगा म्हणाला रोज प्रेशरनं धुतो. मी पंख्याच्या बाजूनं लाईट आत धरला आणि पुढून बघितलं. स्वच्छ रेडिएटर असेल तर चाळणीतून दिसावा तसा उजेड सगळीकडून आरपार येतो. इथे वरच्या कोपऱ्यात वीतभर उजेड, बाकी सगळा अंधार. रेडिएटरच्या बारीक पत्र्या पुढून वाकलेल्या, आणि त्यांच्या मागे, खोल आत, थर बसलेला. पातळ पट्टीनं खालच्या कडेला उचकटलं तर नमद्यासारखा तुकडा निघाला, हातभर लांब, बोटाएवढा जाड, गवताची कुसळं, काडीचा भुसा, वर तेलकट धूळ आणि गंधकाचा पिवळेपणा. नानांनी तो हातात घेऊन चुरायचा प्रयत्न केला, चुरला नाही, औषध पानाला चिकटावं म्हणून त्यात घालतात त्या स्टिकरनं इतका घट्ट झालेला.

आणि इथे नानांच्या प्रश्नाचं बाकीचं उत्तर मिळालं. एका वर्षात काय बदललं? मागच्या एप्रिलच्या खरड छाटणीला त्यांनी काड्या कुट्टी करायचं श्रेडर घेतलं होतं आणि पावसाळ्यात दोन ओळींमधलं गवतही त्याच्यानंच कापत होते. चांगलीच गोष्ट आहे, काड्या जाळण्यापेक्षा बागेतच कुट्टी केलेली केव्हाही बरी, जमिनीला सेंद्रिय माल मिळतो, मी त्याच्या बाजूचा आहे. पण श्रेडर आणि गवत कापायचं यंत्र ट्रॅक्टरभोवती भुसा उडवतं, पंखा तो पुढून आत ओढतो, जाळी मोठं अडवते आणि बारीक आत जातं. त्याच्यावर फवारणीचं तुषार बसतं, स्टिकर असतोच, झाला गोंद. मग आपण पुढून प्रेशर मारतो आणि जे पुढच्या तोंडाला अडकलंय ते आणखी खोल ठोकून बसवतो, वर पत्र्या वाकवतो. हवा पुढून मागे जाते, कचरा पुढून शिरतो, म्हणून साफ करायचं ते मागून पुढे, इंजिनाच्या बाजूनं. आधी कोरडं, कंप्रेसरच्या हवेनं, नोझल वीतभर लांब धरून. मग पाणी साध्या पाईपचं. भुसा ओला केला की तो फुगतो आणि आणखी धरतो, म्हणून हवा पहिली.

अडीच तास लागले, शेवटी वाकलेल्या पत्र्या जुन्या कंगव्यानं सरळ केल्या. परत अर्धा तास काम. वरचा पाईप 91. त्याच संध्याकाळी सात वाजता त्यांनी औषध टाकलं आणि रात्री साडेनऊला सहा एकर उरकली, मध्ये एकदाही न थांबता. चकत्या पिंपळगावातून आणून लावल्या होत्या तोवर. टाक्या तीनच लागल्या.

बरेच जण इथे थांबतात. काटा खाली आला, विषय संपला. पण 91 माझ्या मनाला पटत नव्हतं, ते ऑक्टोबरच्या ढगाळ संध्याकाळचं होतं, हाच ट्रॅक्टर एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या पुढच्या उन्हात श्रेडर ओढणार. गननं रेडिएटरच्या तोंडावर आडवं फिरवून बघितलं तर उजव्या बाजूच्या नळ्यांचा पट्टा बाकीच्यापेक्षा चांगला थंड लागत होता. नळी थंड म्हणजे तिच्यातून पाणी जात नाही. विचारलं पाणी कुठलं टाकता, तर बोअरवेलचं. त्यांच्या बोअरचं पाणी इतकं क्षाराचं आहे की ठिबकच्या ड्रीपरला दर दोन महिन्यांनी ॲसिड सोडावं लागतं, आणि तेच पाणी तापवून तापवून सहा वर्षं रेडिएटरमध्ये.

पाऊस उघडल्यावर चौथ्या दिवशी रेडिएटर उतरवला आणि नाशिकला पाठवला, तिथे टाक्या उघडून नळ्यांतून सळ्या मारून घेतल्या, पांढरा खडूसारखा माल निघाला. इंजिनावर तोवर बाकीचं बघितलं. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम झालं की रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, नव्हताच, तापायला लागल्यावर कुणीतरी काढून टाकलेला. लोकांना वाटतं अडथळा काढला की पाणी मोकळं फिरेल. पण या इंजिनात बायपास आहे, थर्मोस्टॅट उघडला की तोच बायपास बंद करतो, तो नसला की गरम पाण्यातलं बरंचसं रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं. म्हणजे तापतो म्हणून काढला आणि त्यानंच आणखी तापला. पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं, श्राउड, अर्धं तुटून गायब, मग पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूचीच हवा घुसळत बसतो. पट्टा आतून काचेसारखा गुळगुळीत, अंगठ्यानं दाबला तर इंचभर दबत होता, दहा-बारा मिलिमीटर दबायला पाहिजे. झाकणाचं रबर फाटलेलं, दाब नीट धरत नव्हतं. झाकणाचं महत्त्व कमी समजू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास 600 मीटरवर, इथे उघड्या भांड्यातलं पाणी 98 ला उकळतं. पंधरा पौंड दाबाच्या चांगल्या झाकणानं तेच 119-120 पर्यंत उकळत नाही. दाब गेला की 103 ला पाणी उकळून बाहेर, आणि पाणी गेलं की पुढचं सगळं लवकर होतं.

थर्मोस्टॅट, झाकण, पट्टा, पत्र्याचं कडं बनवून, तयार मिसळलेलं पाच लिटर कुलंट, दहा चकत्या, रेडिएटरचं काम आणि माझी मजुरी, सगळं धरून 9,150 झाले. सगळं बसवून त्याच वेगानं, भरल्या टाकीनं अर्धा तास चालवला, वर 86, खाली 77. इंजिन ऑईल आणि फिल्टर पण बदलायला लावलं, ते 250 तासांवर व्हायला पाहिजे होतं आणि चारशेच्या वर गेलेलं.

ब्लोअरचा जॉईंट शाफ्ट बघताना एक गोष्ट दिसली ती लिहिल्याशिवाय पुढे जात नाही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून शेडमध्ये टांगलेलं होतं, ग्रीस मारायला अडचण होते म्हणून. 540 फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचं टोक, स्वेटरची बाही, पावसाळी कोट, काहीही लागलं तर माणूस हात सोडवेपर्यंत सगळं संपलेलं असतं. नाना उपरणं घेऊन त्या शाफ्टच्या शेजारी उभे राहून नोझल बघतात. मी कव्हर लावल्याशिवाय पैसे घेणार नाही म्हटलं आणि तिथेच लावून साखळी अडकवली.

आता नव्या ट्रॅक्टरचं. मुलाच्या मनात फोर व्हील बसलेला होता आणि त्याची कारणं खोटी नव्हती. ऑक्टोबरच्या चिखलात टू व्हीलची मागची चाकं घसरतात, 600 लिटर मागे असलं की पुढचं तोंड हलकं होतं, दोन वेळा ओळीत फसला होता. मी त्याला म्हटलं, तापतो म्हणून बदलू नकोस, घसरतो म्हणून बदलायचा असेल तर बोलू. दोन्ही वेगळी दुखणी आहेत, एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर पैसे जातात.

आणि बघायचाच तर कागदावरच्या एचपीवर बघायचा नाही. ब्लोअर, श्रेडर, रोटाव्हेटर सगळं पीटीओवर चालतं, म्हणून पीटीओवर किती मिळतं ते विचारायचं. मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासायची संस्था आहे, तिथल्या चाचणीच्या अहवालात पीटीओची ताकद, डिझेलचा खप, लिफ्ट किती उचलते हे सगळं मोजून दिलेलं असतं, त्या मॉडेलचा अहवाल शोरूमवाल्याकडे मागायचा. कमी रेसवर 540 फेरे देणारा पीटीओ असेल तर फवारणीसारख्या हलक्या कामात डिझेल वाचतं. रुंदी किती, बोनेटपासून स्टिअरिंगपर्यंत उंची किती कारण घड खाली लोंबायला लागले की डोकं आणि माल दोन्ही सांभाळायचंय, रेडिएटरची जाळी हत्यार न लावता निघते का, सर्व्हिसवाला गोडी छाटणीच्या सीझनमध्ये त्याच दिवशी येतो का.

पण सगळ्यात महत्त्वाचं वळण. शोरूमवाल्याला सांगून 28 एचपीचा फोर व्हील डेमोला बागेतच बोलावला आणि त्याच्यामागे नानांचा भरलेला ब्लोअर लावला. चिखलात तो उत्तम चालला, हे सांगितलंच पाहिजे, टू व्हील जिथे फसला होता तिथून सरळ निघून गेला. ओळीच्या शेवटी आल्यावर मात्र अडलं. नानांच्या बागेत ओळ संपल्यावर बांधापर्यंत बारा फूट जागा, त्यातही शेवटच्या अँगलचे ताण, म्हणजे मांडव ओढून धरणाऱ्या तारा, दोन फूट बाहेर आलेले. पुढची चाकं पण ओढणारी असली की ती कमी कापतात, वळायला जागा जास्त लागते. प्रत्येक वळणाला एकदा मागे घ्यावा लागत होता, आणि ओढायचा ब्लोअर मागे घेणं म्हणजे शाफ्टच्या क्रॉसवर ताण. जुना ट्रॅक्टर आतल्या चाकाचा ब्रेक दाबून एका फेरीत फिरत होता. मुलगा स्वतः चालवत होता, चौथ्या वळणानंतर त्यानंच उतरून पावलांनी जागा मोजली.

मग ठरलं असं की या वर्षी नको. येत्या खरड छाटणीनंतर शेवटचे ताण आत घेऊन जागा चौदा-पंधरा फूट करायची, तोवर महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवर, अनुदानाचा अर्ज टाकून ठेवायचा, आणि नंबर लागला तर मग पैसे आणि बाग दोन्ही तयार असतील. चिखलासाठी सध्या पुढच्या बंपरवर वजनं टाकली, आणि पाऊस असला की टाकी 400 लिटरच भरायची, फेऱ्या एखाद-दोन वाढतात पण फसत नाही. शोरूमवाला नाराज झाला, पण त्याचा डेमो चांगल्या मनानं दिलेला होता आणि फोर व्हील घ्यायची वेळ आली तर त्याच्याकडेच जा असं मीच नानांना सांगितलंय.

त्यानंतर थंडीभर मी दोनदा जाऊन मोजून आलो, मांडव भरल्यावर पंखा हायवर टाकलेला असताना वरचा पाईप 89. हायवर एवढं असणारच. मुलानं श्रेडर चालवला की त्याच संध्याकाळी जाळी काढून मागून हवा मारायची सवय लावून घेतलीय, पत्र्यावर खडूनं तारीख लिहितो. एकच गोष्ट अजून राहिलीय. कुलंट पन्नास तासांत पाव लिटर कमी होतंय. पाईप कोरडे, ऑईल स्वच्छ, पण वॉटर पंपाच्या खाली जे बारीक भोक असतं त्याच्या तोंडाशी हिरवा वाळलेला ओघळ दिसतो, सील जायला लागलंय. द्राक्ष उतरली आणि ट्रॅक्टर मोकळा झाला की खरड छाटणीच्या आधी पंप काढणार, सीलचं किट आणून नानांच्या शेडमध्ये ठेवलंय.